डाव्या खुब्याची वाटणी

मी, खाली सही करणारी, काच कापून आणि तसबिरींना चौकटी बसवून पोट भरलेली बाई, आज पूर्ण शुद्धीत आणि कुणाच्याही दबावाखाली न येता हे मृत्युपत्र लिहीत आहे. साखर तपासली आहे, ताब्यात आहे. चक्कर आलेली असताना लिहून घेतले, असे भावजयीने मागाहून म्हणू नये.

१. दुकान, कामाचे टेबल व काच कापायची हिरकणी धाकट्या भावाला. पाय पाहायचा आरसाही त्यालाच, कारण साखर त्यालाही आहे. बाबा रे, रोज तळवे बघत जा. माझ्या तळव्यात काच रुतली तेव्हा लादीवर रक्त दिसेपर्यंत मला पत्ता नव्हता.

२. भावजयीला तिचे मिठाईचे सगळे रिकामे डबे परत. "एवढ्याशाने काय होतंय" म्हणत तिने ते आणले होते. काय होतंय ते माझ्या डोळ्यांच्या डॉक्टरांना विचारावे.

३. आता दुखण्याचे. तळव्यांना काही कळत नाही, आणि डावा खुबा काही न लागता अहोरात्र ठणकतो. डॉक्टर म्हणतात, साखरेसाठी चाला; खुबा म्हणतो, बस. ठणका वाढला की पथ्य पाळूनही साखर चढते, आणि डॉक्टर मी चोरून खाल्ल्यासारखे बघतात.

हे दुखणे माझे नव्हे, आईचे आहे; आणि आईला ते तिच्या आईकडून आले. एक्स-रेत कधी काही सापडले नाही. आई गेली त्या दुपारी मी दुकानात काच कापत होते. खुब्यात कळ आली, हात घसरला, काच वाकडी तुटली. घरून निरोप त्यानंतर आला. आईने मृत्युपत्रात "घर व जे जे माझे, ते सर्व मुलीला" असे लिहिले होते. घोळ तिथेच झाला, असे मी धरून चालले आहे.

४. म्हणून माझ्या एकुलत्या एका मुलीला मी काहीही देत नाही. घर भावाला, तिला त्याने तिथे तहहयात राहू द्यावे. वकील म्हणाले, साक्षीदाराला मृत्युपत्रातून काही मिळत नाही, तेव्हा मुलीची सही घेऊ नका. मी मुद्दाम तिचीच घेत आहे. लोक मला कठोर म्हणतील, म्हणोत. माझा तिच्यावर जीव आहे. हे दुखणे माझ्याबरोबर संपावे.

स्थळ: दुकानामागची खोली. बुधवार, दुपार.
लिहून देणार: (सही)
साक्षीदार १: शेजारचा औषध दुकानदार (सही)

मुलीच्या सहीआधी थोडे लिहिते. तिने कागद वाचला. रागावली नाही. माझ्या खुब्यावर हात ठेवून म्हणाली, "घर नको मला. तुझं दुखणं तेवढं दे, आई."

आईचे पाय चेपताना मी हेच म्हटले होते. मृत्युपत्राचा काही संबंधच नव्हता. मी तिला म्हटले, शब्द मागे घे. ती नुसती हसली. खुबा दुखायचा थांबला आहे. मला भीती वाटते

औषध दुकानदाराची नोंद: बाई इथवर लिहून खुर्चीतच गेल्या. मी लगेच साखर पाहिली, ठीक होती.

साक्षीदार २: मुलगी (सही). सही बसून केली. तिला डाव्या पायावर उभे राहता येईना.