फक्त ‘अर्थात’

बाबा, तुम्हाला जाऊन इतकी वर्षं झाली, तरी तुमच्यावरचा राग काही जात नाही. हे पाठवायचं कुठे, ते माहीत नाही. पण आज लिहूनच टाकते.

आपल्या झाडीपट्टीत नाटकाला दोन नावं लागतात. ‘पेटलं माहेर अर्थात भावाचा सूड’. दिवाळी झाली की नाटक कंपन्यांचे बोर्ड वडश्याला तुमच्याच दुकानात रंगायचे. वरचं नाव तुम्ही लिहायचात, खालचं तुमच्या हाताखालची पोरं. परक्यांच्या पोरांना तुम्ही हात धरून शिकवलंत, आणि पोटच्या पोरीला मधला बारीकसा ‘अर्थात’! सगळे हिवाळे मी तेवढंच लिहिलं. त्यातही एकदा रफार चुकला, तर कंपनीच्या मालकासमोर ओरडलात, “थ वर नाई, कान्यावर बसते रफार! कितीदा सांगू तुले?” तुमचं बरोबर होतं, म्हणून जास्तच झोंबलं.

मग एकदा तुम्ही तापाने फणफणलेले, पोरं सुट्टीवर, आणि सकाळी बोर्ड न्यायला गाडी येणार. मी अख्खा बोर्ड लिहिला. तुम्ही चादर गुंडाळून दुकानात येता, बराच वेळ बघता, चिंधी रॉकेलमध्ये बुडवता. “चांगला हाये,” म्हणता आणि पुसायला लागता. “पोरीच्या हातचं हाये समजलं, तं पुढच्या साली कोनी येनार नाई.” ‘अर्थात’ तेवढा ठेवलात, बाकीचं तापातच स्वतः लिहिलंत. वाईट म्हणून पुसलं असतं तर विसरले असते हो. चांगलं म्हणून पुसलंत!

पुढे फ्लेक्स आले, तुमची ती पोरं पांगली. ब्रश धरून राहिले ती मीच; शाळांच्या भिंती, दुकानांच्या पाट्या, मिळेल ते. यंदा एका कंपनीला हातानेच रंगवलेला बोर्ड हवा होता. मालक म्हणाले, “बाई, खाली पेंटर म्हनून बाबाचंच नाव टाका. लोकं वळखतेत.”

“मंग त्याईलेच बोलवा लिवाले,” मी म्हटलं. ते हसले. मला हसू आलं नाही. नाटकाची दोन्ही नावं लिहिली आणि खाली माझं नाव टाकलं, चांगलं ठळक.

काल बोर्ड चढला. मी रस्त्यापलीकडे उभी राहून बघत होते. समाधान व्हायला हवं होतं, झालं नाही. अक्षर जमलं का, हे विचारायला मला अजून तुम्हीच लागता, बाबा. खरा राग त्याचा आहे.