पेशी

टेंभुर्णी, मंगळवार, ऑगस्ट १९७४

आज आठवीला पेशी शिकवायला घेतली. सुरुवातीलाच बजावलं, विज्ञानात ऐकीव चालत नाही, स्वतः पाहिलं तेच सांगायचं. मग विचारलं, पेशी कुणी पाहिली आहे का? कमल उभी राहिली. "मी पाह्यली सर. बापासंगं जालन्याला गेल्ते. तिथं नुसतं उभं करतेत, अन् मंग पुढची तारीख देतेत."

वर्ग हसला. नाही, आधी मी हसलो.

मला काय कोर्टातली पेशी माहीत नव्हती? बांधाच्या भांडणापायी आमच्या घरात लहानपणापासून हाच शब्द ऐकला. तरी हसलो, आणि तेही आधी. पोरीनं माझंच ऐकलं होतं, पाहिलं ते सांगितलं.

नंतर सूक्ष्मदर्शकातून कांद्याचा पापुद्रा दाखवला. आत्ता वह्या तपासत होतो. कमलची आकृती वर्गात सगळ्यांत चांगली, पापुद्र्यातली एकेक भिंत जुळलेली. वर मथळ्याची जागा तेवढी कोरी. तो शब्द तिनं लिहिलाच नाही.

आणि मी सवयीनं लाल शाईत लिहून मोकळा झालो, "नाव लिहा."