एप्रिलच्या आत कायदा

३ फेब्रुवारी
ठरलं. मत नऊ नंबरच्या प्रतीप साहेबांनाच. काल देवळाच्या मांडवात बोलले, आमची पार्टी आली की सैन्यात सक्तीने नेणारी चिठ्ठी बंद. म्हणजे एप्रिलमध्ये माझ्या नवऱ्याला, वीरुतला, बरणीत हात घालायला नको. काळी निघाली तर घरी, लाल निघाली तर दोन वर्षं बराकीत. बाळ सात महिन्यांचं. मी अजिबात घाबरलेली नाही.

९ फेब्रुवारी
वर्दीवाले आले. म्हणे गटार बघायला. गटाराकडे ढुंकून बघितलं नाही, नऊ नंबरचा बॅनर लावलेल्या घरांचे फोटो काढले. मेल्यांची जीप त्याच गटारात जावो. मी बॅनर काढून ठेवला. भीतीने नाही, धूळ बसत होती.

१६ फेब्रुवारी
मत टाकलं. दाराशी दोन वर्दीवाले. एकाने बाळाचा गाल ओढला. घरी येऊन गाल धुतला.

१७ फेब्रुवारी, सकाळी
जिंकलो! सगळ्यात जास्त जागा आपल्या. बॅनर परत लावला. आई म्हणाली, जनरलांनी नेमलेले अडीचशे जणही पंतप्रधान निवडायला बसतात, त्यांना तू मत दिलंस का. आई टीव्ही फार बघते.

५ मार्च
बँकॉकमध्ये आपल्या पार्टीने जनरलांच्या पार्टीशी हात मिळवला. सगळे एका टेबलावर आंबा-भात खात होते. मी आधी टीव्ही बंद केला. मग कळलं, चाल आहे. आत शिरून पाडायचं. सैन्याचं खातं जनरलांकडेच ठेवलंय. तीही चालच.

१९ मार्च
साहेबांना जत्रेत गाठलं. चिठ्ठीचं विचारलं. म्हणाले समिती नेमली. म्हणजे काम चालू झालं. बाळाला फुगा दिला. घरी येईपर्यंत फुटला.

२८ मार्च
वीरुतचं डोकं फिरलंय. म्हणतो मी बारावी पास, आपणहून नाव दिलं तर एकच वर्ष. आईही त्याच्याच बाजूने. मी म्हटलं, कायदा दारात आलाय आणि तू स्वतःहून मान पुढे करतोस? मनगटाला दोरा बांधला आणि वचन घेतलं, नाव द्यायचं नाही.

७ एप्रिल
कायदा अजून नाही. सरकारी कामं शेवटच्या दिवशीच होतात.

८ एप्रिल
बाळाला आईकडे ठेवून गेले. शाळेचं मैदान, पोरं उघडी, दंडावर नंबर. वीरुतच्या खिशात त्याच्या आईच्या लुंगीचा तुकडा, नशिबासाठी. वर्दीवाल्याने माईकवर तीनदा विचारलं, "आपणहून कोण येतंय?" तिन्ही वेळा वीरुतने माझ्याकडे बघितलं. तिन्ही वेळा मी मान हलवली, नाही.
एकशेवीस पोरं, एकतीस लाल. त्याची लाल.
जवळ आला आणि म्हणाला, "कायदा झाला का गं?" चिडून नाही. साधंच विचारलं.

९ एप्रिल
आईने बॅनर कोंबड्यांच्या खुराड्यावर टाकला, साहेबांचं तोंड आतल्या बाजूला. मग विचारलं, तो वर्दीवाला तीनदा विचारत होता तेव्हा तू काय करत होतीस.
बाळाला पाजत होते, म्हटलं.
बाळ तर तिच्याकडेच होतं.