घरातली दोन गप्प माणसं

कासाब्लांका, ४ मे १९९७

ती. लल्ला कल्तूमास,
धाकटी बहीण रकिया हिचा सलाम, वि. वि.

ईदचा मुक्काम आटोपून आम्ही सुखरूप पोचलो. बसमध्ये इदिर सगळी वाट आजीच्या मांडीवर झोपून आला. आपल्या इम्मीचे पाय आखडले, पण तिनं त्याला माझ्याकडे काही दिलं नाही. तू दिलेलं बदामाचं अम्लू निम्मं वाटेतच संपलं. कोणी संपवलं ते लिहीत नाही, कारण लिहिणारी मीच आहे.

आता मनातलं लिहिते. आपल्या अंगणात साऱ्या बायका इदिरभोवती जमून त्याला बोलतं करायला बघत होत्या आणि तो नुसता हसत होता, हे तू पाहिलंसच. अडीच वर्षांचा झाला, पण 'मा' सोडून एक शब्द नाही. हवं ते बोटानं दाखवतो, हात धरून ओढत नेतो, आणि आम्हाला कळलं नाही की फरशीवर डोकं आपटतो. शेजारची पोरगी त्याच्याहून लहान, ती जिन्यात उभी राहून माझ्याशी चक्क भांडते. मला तिच्या आईचा हेवा वाटतो. कारखान्यात मशीनवर बसते, पण दोनदा बाही उलटी शिवली. घरी आले की त्याच्या मागे जाऊन टाळ्या वाजवते, मुद्दाम झाकणं पाडते, वळून बघतो का ते बघते. वळतो. तरी पुन्हा पाडते. लहसन म्हणतो, पोराला काही झालेलं नाही, तुलाच झालंय.

इदिर सकाळी तासभर जातो त्या बालवाडीच्या मोठ्या बाईंनी गेल्या आठवड्यात बोलावलं होतं. म्हणाल्या, आजीची पहाडातली भाषा, बापाच्या दुकानातली अरबी आणि इथली फ्रेंच गाणी, एवढ्याशा डोक्यात गोंधळ होणारच. एकच भाषा ठेवा. लहसननं ते लगेच उचललं. तुला माहीत आहे, तो लहानपणी मामाच्या दुकानात कामाला लागला तेव्हा गिऱ्हाइकं त्याच्या पहाडी बोलण्याची नक्कल करत साखर मागायची. अजूनही कोणी हसलं की त्याचे कान लाल होतात. तो म्हणाला, माझ्या मुलावर ती पाळी यायला नको, आजपासून घरात फक्त अरबी. इम्मीला सांगायचं काम अर्थातच माझ्याकडे आलं. तिनं ऐकून घेतलं आणि म्हणाली, पोराचं भलं होत असेल तर माझं काय जातंय.

तिला अरबी येतं ते पाव, पाणी आणि अल्ला बरकत देवो, एवढंच. मी बरं केलं ना, लल्ला? उत्तर लवकर धाड.

मुलांना पापे. धाकटीवरची माया आहे तशी असू दे.

तुझी,
रकिया


ताफ्राउतजवळ, २१ मे

चि. रकियास अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र बसच्या ड्रायव्हरनं स्वतःच्या जेवणाच्या डब्याखाली ठेवलं होतं, त्यामुळे तुझ्या काळजीला सार्डिनचा वास येत होता. इकडे जवाची कापणी उरकली. माझी कंबर मात्र अजून शेतातच आहे.

इथल्या म्हाताऱ्या सांगतात, तूही तीन वर्षांची होईपर्यंत बोलली नव्हतीस, आणि मग बोलायला लागलीस ती थांबलीच नाहीस. पण त्यांच्या भरवशावर राहू नकोस. त्या प्रत्येक मुलाबद्दल हेच सांगतात. झाकणं पाडणं बंद कर आणि त्याचे कान नीट डॉक्टरकडून तपासून घे. लहसन नाही म्हणाला तर त्याला न विचारता जा, मी सांगितलं म्हण.

आणखी एक विचारते, राग मानू नकोस. तू दिवसभर कारखान्यात, लहसन दुकानात. मग इदिरशी बोलतं कोण? आपली इम्मी शेळीशी बोलते, चुलीशी बोलते, भाकरी फुगली नाही तर भाकरीला रागावते. इदिरला कडेवर घेऊन दिवसभर तिचं काहीतरी चाललेलं असायचं, हे ईदला मी डोळ्यांनी पाहिलं. तिचं तोंड तुम्ही बंद केलंत. शुक्रवारी मी फोन केला तर ती आपल्या भाषेतसुद्धा हळू बोलत होती, चोरी केल्यासारखी. मला ते आवडलं नाही.

शहाणी आहेस, विचार कर. मोठ्या बहिणीचं बोलणं कडू लागलं तर वरून मध खा, पण धरून ठेवू नकोस.

तुझी,
कल्तूमा


कासाब्लांका, १६ जून

ती. लल्ला कल्तूमास,
सलाम, वि. वि.

कान तपासले. एका बंद खोलीत त्याला माझ्या मांडीवर बसवून बारीक-मोठे आवाज ऐकवले, तो प्रत्येक आवाजाकडे वळला. डॉक्टर म्हणाले, कान चांगले आहेत, बोलण्याच्या उपचारांसाठी अमुक बाईंकडे जा. त्यांची तारीख जुलैअखेरची मिळाली. मला बरं वाटायला हवं होतं. पण मग तो बोलत का नाही, हे आता कोणाला विचारू? लहसन दोन दिवस माझ्याशी बोलला नाही. म्हणे, गल्लीभर समजलं की याच्या पोराचे कान तपासले.

तू म्हणालीस ते खरं होतं. सुरुवातीला इम्मीनं अरबी शब्द जुळवायचा प्रयत्न केला. इदिर तिच्या तोंडाकडे बघत राहायचा आणि उठून जायचा. मग तिनं ते सोडलं. आता मी संध्याकाळी येते तेव्हा दोघं खिडकीपाशी बसलेली असतात. ती शेंगा सोलत असते, तो सालं इकडची तिकडे करत असतो, आणि खोलीत एक आवाज नसतो. पूर्वी तो चप्पल, चमचा, सापडेल ते उचलून तिच्याकडे न्यायचा आणि ती त्या चमच्याची पाच मिनिटं कहाणी सांगायची. आता तो नेतच नाही.

परवा तो उंबऱ्याला अडखळून पडला. इम्मी धावली, तिनं तोंड उघडलं, आणि मला बघून स्वतःच्या तोंडावर हात दाबून धरला. लल्ला, पोर रडत होतं आणि माझी आई तोंडावर हात धरून उभी होती. मी नुसतं पोराला उचललं. तिचा हात खाली घ्यायला हवा होता.

काल ती म्हणाली, बदाम तयार होत आले, कल्तूमा एकटी पडेल, मला बसमध्ये बसवून दे. मी थांब म्हटलं, रडले, रागावलेसुद्धा. ऐकलं नाही. गुरुवारच्या बसनं येते आहे. तिला उतरवून घे. इदिरला शेजारीण सांभाळेल.

आमच्यावरचा राग तिच्यावर काढू नकोस, आणि मला विसरू नकोस.

तुझी,
रकिया


ताफ्राउतजवळ, ५ जुलै

चि. रकियास आशीर्वाद.

आज आशीर्वादापुढचं सगळं चिडून लिहिते आहे.

इम्मी पोचली. खाते, झोपते, बदाम झोडपायला सगळ्यांच्या आधी उठते. पण माझ्या तान्ह्या नातीला मांडीवर घेतलं तरी ती बोलत नाही, नुसती हलवत राहते. मी खोदून खोदून विचारलं तेव्हा म्हणाली, माझ्या जिभेनं एका पोराची वाट अडवली, दुसऱ्याची नको. बालवाडीच्या त्या शिकलेल्या बाईंनी सांगितलं म्हणजे खरंच असणार, म्हणे. रकिया, पाच लेकरांना बोलायला शिकवणारी बाई ही, आणि आता आपल्या जिभेला भिते आहे!

लहसनला काय वाटतं? घाऊक व्यापाऱ्याशी फोनवर घासाघीस करतो ती कोणत्या भाषेत? आपल्याच ना? मग भाव पाडायला चालते आणि पोराला भरवायला चालत नाही? हे पत्र त्याला वाचून दाखव, आणि मध्ये खोकून माझे शब्द गाळू नकोस.

इदिर कसा आहे ते खरं लिही. बरं आहे, असं लिहू नकोस.

तुझी,
कल्तूमा


कासाब्लांका, २९ जुलै

ती. लल्ला कल्तूमास,
सलाम, वि. वि.

इदिर बरा नाही. शेजारीण चांगली आहे, पण तो दिवसभर तिच्या दाराशी बसतो. आता 'मा'सुद्धा कमी म्हणतो. तुझं पत्र मी लहसनला न खोकता वाचून दाखवलं. तो तेलाच्या बाटल्या पुसत राहिला. एकच बाटली.

काल आम्ही तिघं त्या उपचारांच्या बाईंकडे गेलो. वय फार नाही, पण नजर पक्की आहे. आमच्याशी बोलायच्या आधी त्या जमिनीवर बसल्या आणि इदिरबरोबर लाकडी जनावरं मांडत बसल्या. मग म्हणाल्या, मुलगा समजून घेतो, डोळ्याला डोळा देतो, खेळतो. बोलणं उशिरा आहे हे खरं, आणि का ते आज सांगता येणार नाही. दर आठवड्याला आणा.

मग त्यांनी विचारलं, दिवसभर हा कोणाजवळ असतो? लहसननं मोठ्या अभिमानानं सांगितलं की घरातला गोंधळ आम्ही काढून टाकला, आता एकच भाषा आहे. त्यांनी विचारलं, म्हणजे पूर्वी दुसरी कोण बोलायचं? आजी. आणि आजी कुठे आहे? गावी पाठवली, हे मला सांगावं लागलं. बाईंनी हातातलं लाकडी जनावर खाली ठेवलं. मग अगदी शांतपणे म्हणाल्या की उशीर आधीपासूनच होता, तो आजीमुळे झालेला नाही आणि तुमच्यामुळेही नाही. दोन काय, तीन भाषांनीही मुलाचं बोलणं अडत नाही. पण त्याच्याशी दिवसभर मनापासून, न अडखळता बोलणारं एकच माणूस तुमच्या घरात होतं, तेच तुम्ही गप्प केलंत.

लहसन म्हणाला, उद्या लोक माझ्या मुलाला हसतील. बाई म्हणाल्या, ते बोलल्यावर हसतील ना? आधी बोलू तर द्या.

येताना वाटभर त्यानं इदिरला खांद्यावर घेतलं होतं. आज सकाळी उठून बघते तर दुकानाचं शटर खाली. लल्ला, ईद नाही, मयत नाही, आणि लहसनचं शटर खाली! वरच्या मजल्यावरच्या बायका खाली येऊन, कोण गेलं, म्हणून विचारून गेल्या. तो बसनं तिकडे निघाला आहे. हे पत्र त्याच बसमध्ये आहे, कदाचित त्याच्याच सीटच्या मागे. त्याला जेवू घाल, आणि शक्य झालं तर मग रागाव.

जीव थाऱ्यावर नाही. माझ्यासाठी दुआ माग.

तुझी,
रकिया


ताफ्राउतजवळ, २ ऑगस्ट

चि. रकियास आशीर्वाद.

थोडक्यात लिहिते, बस सुटायची आहे. लहसन आला, जेवला, इम्मीशेजारी गच्चीवर बसून दुपारपर्यंत बदाम सोलले. मग म्हणाला, घरी चला. तेही अरबीत! आपल्या गच्चीवर, आपल्या बदामांसमोर! पळी माझ्या हातात होती, पण मी आवरलं. इम्मीनं आपल्या भाषेत एवढंच विचारलं, तिथे मी बोलायचं की नाही? तो खाली बघून म्हणाला, बोला.

ती येते आहे, इदिरसाठी. भीती तिच्या पोटातून गेलेली नाही, तेव्हा तिला सांभाळ.

घाईतली, पण तुमचीच,
कल्तूमा


कासाब्लांका, २३ सप्टेंबर

ती. लल्ला कल्तूमास,
सलाम, वि. वि.

तुझी दोन पत्रं आली आणि मी उत्तर दिलं नाही, म्हणून आधीच कान धरते. मुद्दाम थांबले होते. रोज वाटायचं, आज काहीतरी घडेल, मग लिहीन.

इम्मी आली त्या दिवशी इदिर तिच्या झग्यात शिरला तो झोपेपर्यंत बाहेर निघाला नाही. पण ती बोलायची ती लहसन घरात नसेल तेव्हाच. दुकान आणि आमची खोली यांच्यात एक पडदाच आहे ना, पडद्यामागे त्याची चाहूल लागली की वाक्य अर्ध्यावर सोडायची. उपचारांच्या बाईंकडे मी तिला नेते. त्या तिला दाखवतात, त्याच्यासमोर खाली बस, तो बघतो त्याचंच नाव घे, थोडं बोल आणि मग थांब, त्याला वेळ दे. थांबणं इम्मीला सगळ्यात जड जातं. ओठ मिटून, गाल फुगवून बसते, मला हसू आवरत नाही. इदिर नवनवे आवाज काढू लागला होता, पण त्यांना शब्द म्हणावं असं काही नव्हतं. माझा घोर संपलेला नाही, लल्ला. रात्री पडल्या पडल्या मी शेजारच्या पोरीचे शब्द मोजते आणि स्वतःलाच रागावते.

काल कारखान्यातून येऊन मी पडद्याआड डोक्याचा रुमाल सोडत होते. दुकानात संध्याकाळची गर्दी. इदिर साखरेच्या पोत्यावर बसून बापाकडे बघत होता. त्यानं हात पुढे केला आणि म्हणाला, अमान. पाणी! स्पष्ट, सगळ्या दुकानाला ऐकू जाईल असं, आणि आपल्या भाषेत.

वरच्या मजल्यावरच्या बाई तेल घ्यायला उभ्या होत्या. त्या हसल्या. लहसनला म्हणाल्या, झाला बाई तयार आणखी एक डोंगरातला किराणावाला. बाकीचेही हसले. पडद्याच्या फटीतून मला लहसनचे कान दिसले, लाल झाले होते. वाटलं, आता हा पोराला अरबी शब्द म्हणायला लावणार, आणि पोर परत गप्प होणार.

त्यानं हातातली तेलाची बाटली फळीवर ठेवली. पोत्यासमोर उकिडवा बसला आणि आपल्या भाषेत, दुकानभर ऐकू जाईल अशा आवाजात विचारलं, काय हवंय माझ्या राजाला? इदिर पुन्हा म्हणाला, अमान. बाईंनी घाई केली तेव्हा लहसन अगदी अदबीनं म्हणाला की जरा थांबावं लागेल, बाई, हे गिऱ्हाईक तुमच्या आधीचं आहे. आणि त्यानं ग्लास काठोकाठ भरला.

तेवढ्यात माझ्या शेजारून पडदा सर्रकन बाजूला झाला. इम्मी दुकानात, भरल्या गर्दीसमोर, जावयावर आपल्या भाषेत ओरडली की, अरे, सगळं नको देऊस, अर्धंच दे, पुन्हा मागू दे त्याला! आणि लहसननं सगळ्या गिऱ्हाइकांना ताटकळत ठेवून अर्धं पाणी परत घागरीत ओतलं.

इम्मी मोठ्यानं बोलते आहे, म्हणून हे पत्र आवरतं घेते. तिच्या आवाजात मला लिहायला सुचत नाही. लोभ तर आहेच, आता फोनही कर.

तुझी,
रकिया