काळा की गोल

४ फेब्रुवारी

चि. छकुलीस,
अनेक आशीर्वाद.

पत्रास कारण की दोन्ही कॅमेरे पोचले. फोनवरच सांगितलं असतं, पण आपल्या घरचा फोन हा तुझ्या आईच्या ताब्यातला मुलूख आहे. उभी हयात टेलिफोन ऑपरेटर म्हणून काढलेली बाई. ती बोलायला लागली की मला ‘कृपया प्रतीक्षा करा’वर ठेवते. शिवाय कॅमेऱ्यातली कार्डं तुला पोस्टानेच पाठवायची आहेत, तेव्हा चार ओळी सोबत जातील.

आपला करार पुन्हा एकदा लिहून ठेवतो, म्हणजे मागाहून कोणी शब्द फिरवायला नको. गाडीचा डावा आरसा दूधवाल्याच्या टेम्पोने उडवला असं मी म्हणतो. तो आपल्याच फाटकाच्या खांबाने उडवला असं दादू म्हणतो, आणि तेवढ्यावरून बाबांनी आता गाडी चालवणं सोडावं असा निकालही देऊन मोकळा होतो. विमा कंपनीत अपघातांचे दावे तपासून तपासून त्याला बापसुद्धा दाव्यासारखा दिसायला लागला आहे. तर ठरलं ते असं: काचेवर कॅमेरा लावायचा, तीन आठवड्यांचं चित्रीकरण तुला पाठवायचं आणि न्यायाधीश तू. माझी चूक दिसली तर चावी तुमच्या हवाली. नाही दिसली तर हा विषय माझ्या हयातीत पुन्हा निघणार नाही.

आता कॅमेऱ्यांकडे येतो. तुम्ही बहीणभावांनी एकमेकांना न विचारता एकेक पाठवलात, हे आपल्या घराण्याला शोभलं. पण बरंच झालं. एक परत करता येणार आहे, तेव्हा दोन्ही शेजारी शेजारी लावून तुलना करणार आहे. मी वजनमापे निरीक्षक होतो. खोक्यावर छापलेल्या दाव्यावर मी कधीच विश्वास ठेवला नाही. दादूचा काळा फक्त पुढे बघतो, पण चित्र आरशासारखं स्वच्छ असल्याची जाहिरात आहे. शिवाय तो बोलतो. पुढची गाडी जवळ आली की एका बाईच्या आवाजात ‘अंतर ठेवा’ म्हणतो. तुझ्या आईला हे मुळीच रुचलेलं नाही. हे सांगायला या गाडीत एक बाई आधीच बसलेली आहे, असं तिचं म्हणणं. तुझा गोल पुढेही बघतो आणि आतही, आवाजासकट. आतलं कशाला टिपायचं ते मला कळलेलं नाही. रस्त्यावर होतो तो अपघात. गाडीत होतो त्याला संसार म्हणतात.

असो. तुझ्या आईची नजर पडण्याआधी पाकीट चिकटवतो. माया आहे तशीच राहू दे.

तुझा,
बाबा

---

११ फेब्रुवारी

ती. बाबांस,
सा. न. वि. वि.

पत्र मिळालं. न्यायाधीश या नात्याने आधीच सांगते, लाच स्वीकारली जाणार नाही. दादूने कालच फोन करून माझं मत वळवायचा प्रयत्न केला. त्याला मी सांगितलं की निकाल लागेपर्यंत आरोपीच्या मुलाशी बोलणं मला योग्य वाटत नाही.

कार्डं पाठवताना नुसत्या पाकिटात टाकू नका. गोळ्यांच्या रिकाम्या डबीत कापूस घालून पाठवा. औषधांच्या दुकानात काम करणाऱ्या मुलीच्या आईवडिलांकडे डब्यांचा तुटवडा असेल असं वाटत नाही. आणि आईला सांगा, आतल्या कॅमेऱ्यासमोर रोज नवी साडी नेसून बसायची गरज नाही; तिने फोनवर मला चार वेळा विचारलं की तिचा चेहरा कोणत्या बाजूने येतो.

थट्टा पुरे. बाबा, मला तुमची चावी नको आहे. लहानपणी मागच्या सीटवर मी निर्धास्त झोपायचे, ते तुम्ही चालवत होतात म्हणून. पण आरसा उडाल्यापासून संध्याकाळी तुम्ही बाहेर असलात की माझं दुकानात लक्ष लागत नाही. एकाला द्यायच्या गोळ्या दुसऱ्याला दिल्या तर मलाच कॅमेरा लावावा लागेल. म्हणून हा खटाटोप. मनात राग धरू नका.

आईला नमस्कार. दोघांनी मला आठवणीत ठेवा, आणि शक्यतो एकाच वेळी रागवू नका.

तुमची,
छकुली

---

२५ फेब्रुवारी

चि. छकुलीस,
अनेक आशीर्वाद.

डबीत दोन्ही कार्डं आहेत; चित्रीकरणाची एक प्रत मी संगणकावर उतरवून ठेवली आहे. माझ्या चालवण्याबद्दल तू काय ते ठरव, पण कॅमेऱ्यांबद्दल माझा अहवाल तयार आहे: दोन्ही भिकार.

काळ्यापासून सुरुवात करतो. आरशासारखं चित्र म्हणे. मी रोज संध्याकाळी संगणकावर लावून बघतो. सगळा रस्ता चहात बुडवून काढल्यासारखा पिवळट दिसतो. दिवसा उन्हात धुरकट, आणि अंधार पडला की विचारूच नकोस. समोरून येणाऱ्या प्रत्येक दिव्याभोवती फुलबाजीसारखी किरणं. गाड्यांचे नंबर तर वाचताच येत नाहीत. मग पुरावा कसला आणि न्याय कसला? मी कंपनीला खरमरीत पत्र लिहिलं. त्यांनी नम्रपणे कळवलं की भिंग मऊ कापडाने पुसून पाहावं. पुसलं. काच पुसली, संगणकाचा पडदाही पुसला. फरक शून्य. पुन्हा लिहिलं तेव्हा त्यांनी दुसरा नग पाठवला. तोही हुबेहूब तसाच. म्हणजे घाणाच बिघडलेला आहे.

तुझ्या गोलाचंही तेच. किंमत निराळी, कंपनी निराळी, दोष एकच. यांची भिंगं एकाच भंगारातून येत असावीत. गोलाला एक जास्तीचा अवगुण म्हणजे तो आवाजही टिपतो, त्यामुळे तुझ्या आईची प्रवासभर चालणारी कटकट आता कायमची जपून ठेवली गेली आहे. सायकल आली, खड्डा आला, सिग्नल लाल झाला. पूर्वी ती गाडीत गाणी म्हणायची. वय झालं की माणसाचा स्वभाव असा बदलतो.

दादू म्हणाला, नाचता येईना अंगण वाकडं. उंटावरचा शहाणा. मी त्याच्याशी दोन दिवस बोललेलो नाही, तरी त्याला ते अजून समजलेलं नाही.

तुझा निकाल लवकर कळव. ओढ असतेच, पत्राने ती वाढते.

तुझा,
बाबा

---

२५ फेब्रुवारी, दुपार

चि. छकुलीस,
आईचे अनेक आशीर्वाद.

यांनी पोस्टात टाकायला दिलेलं पाकीट मी उघडून वाचलं. इतकी वर्षं परक्यांचे फोन जोडले, एकदाही कान लावला नाही. नवऱ्याच्या पत्रापाशी मात्र माझा नेम मोडला. त्याच पाकिटात माझं हे पत्र घालते आहे. त्यांना सांगू नकोस.

मी गाडीत कटकट करत नाही गं. मी यांना रस्ता सांगते. वर्षाहून जास्त झालं. आधी नुसतं रात्री सांगावं लागायचं, आता दिवसाही लागतं. आरसा उडवला तो फाटकाच्या खांबानेच. दूधवाला त्या दिवशी आलाच नव्हता.

डोळे तपासून घ्या म्हणून किती वेळा सांगितलं. म्हणतात, ज्या डोळ्यांनी मी काट्याची केसभर चूक पकडली, ते डोळे काय तपासायचे. मी जास्त ताणलं नाही. कारण सांगते. निवृत्त झाल्यापासून यांना कोणी कशासाठी बोलावत नाही. फक्त गाडीसाठी बोलावतात. शेजारच्या आजोबांना दवाखान्यात सोडायचं, कोणाला स्टेशनवरून आणायचं, की हे लगेच सदरा बदलून तयार. ते हातून गेलं तर हे दिवसभर घरात बसून माझे डाळीचे डबे तोलतील. ते मी सोसेन, पण यांचं उतरलेलं तोंड मला बघवणार नाही. म्हणून मीच यांचे डोळे झाले. वाटलं, दोघं मिळून एक धड ड्रायव्हर होतो की.

पण परवा शाळेसमोर एक बाई मुलाचा हात धरून निम्म्या रस्त्यात आली होती. मी ओरडले. यांनी ब्रेक दाबला आणि वर मलाच म्हणाले की उगाच किंचाळतेस. यांना ती बाई दिसलीच नव्हती. आणि मी त्या वेळी पिशवीतून रुमाल काढत होते. जरा उशिरा वर बघितलं असतं तर काय झालं असतं, ते माझ्याच्याने लिहवत नाही.

आता हे माझ्या एकटीच्या आवाक्यातलं राहिलं नाही. तू काहीतरी कर. पण यांचा मान राखून कर.

तुझ्यावर जीव आहेच. हे पत्र फाडून टाक.

तुझी,
आई

---

४ मार्च

ती. बाबांस,
सा. न. वि. वि.

दोन्ही कार्डं नीट बघितली. निकाल देण्याआधी एक तांत्रिक शंका आहे, आणि तुमच्याइतका जाणकार दुसरा माझ्या ओळखीत नाही.

समजा, तुम्ही बाजारात तपासणीला गेलात. एका दुकानातला तराजू चुकीचं वजन दाखवतो. शेजारच्या दुकानातला, वेगळ्या कंपनीचा, तेवढीच चूक दाखवतो. पहिल्याने तराजू बदलून नवाकोरा आणला, तर तोही तेवढीच चूक दाखवतो. तुम्ही तिन्ही तराजू जप्त केले असते, की आधी आपल्या पेटीतली वजनं तपासली असती?

बाबा, माझ्याकडे चित्र अगदी लख्ख दिसतं. काळ्याचंही आणि गोलाचंही. पुढच्या ट्रकच्या मागे रंगाच्या दुकानाची जाहिरात आहे, तिच्यावरचा फोन नंबर मी वाचू शकते. दिव्यांभोवती फुलबाज्या नाहीत. रस्ता पिवळा नाही, राखाडीच आहे. शाळेसमोर रस्ता ओलांडणारी बाई मला कितीतरी आधी दिसते, आणि गाडी तिच्या फार जवळ जाऊन थांबते. ते बघताना मी खुर्चीतून उठून उभी राहिले. माझं ऐकू नका, दादूचंही नको. वरच्या मजल्यावरच्या वायरमनला खाली बोलवा, तेच चित्र त्याच पडद्यावर दाखवा आणि त्याला काय दिसतं ते विचारा. मग डोळ्यांच्या डॉक्टरांकडे जा. दुकानात मी रोज मोतीबिंदूचे थेंब देते. तुम्ही कंपनीला लिहिलेली तक्रार आमच्या गिऱ्हाइकांच्या तोंडी मी शब्दशः ऐकलेली आहे.

तोवर चावी आईकडे द्या. हा निकाल नाही, विनंती आहे. पण दिली नाहीत तर पुढच्या गाडीने मी स्वतः येईन आणि सोबत दादूला आणीन.

रागवायचं असेल तर रागवा, पण उत्तर पाठवा.

तुमची,
छकुली

---

९ मार्च

न्यायाधीश महोदयांस,
स. न. वि. वि.

आपले पत्र पावले. वायरमनला बोलावले होते. त्याने ट्रकवरचा फोन नंबर वाचला. एका मुलाच्या दप्तरावर कोणते चित्र आहे तेही, मी न विचारता, सांगितले. तो तरुण आहे आणि जरा आगाऊ आहे, तरी सगळे अंदाजाने सांगितले असेल असे म्हणवत नाही.

शाळेसमोरचा भाग त्याला तीनदा लावायला सांगितला. बाई कुठे आहे ते त्याने पडद्यावर बोट ठेवून दाखवले. मला बोट दिसले.

चावी आपल्या मातोश्रींकडे दिली आहे. त्यांनी कारण विचारले नाही. डॉक्टरांची वेळ गुरुवारची मिळाली आहे.

आपला,
निरीक्षक (निवृत्त)

---

२३ मे

चि. छकुलीस,
अनेक अनेक आशीर्वाद.

दुसऱ्या डोळ्याचीही पट्टी सुटून महिना होत आला. डॉक्टर म्हणाले, डावा मोतीबिंदू इतका पिकला होता की मी तिथवर चालत कसा आलो याचंच त्यांना नवल वाटलं. चालवत आलो नाही हे मी त्यांना अभिमानाने सांगितलं.

घर बघून मला धक्काच बसला. बैठकीच्या भिंतीला रंगाऱ्याने पांढराच रंग दिला होता. पिवळा दिलास म्हणून मी त्याच्याशी भांडलो होतो. पंख्यावर इतकी धूळ आहे हे मी बोलून दाखवलं आणि तुझ्या आईने लगेच शिडी आणून दिली. कॅमेऱ्याच्या कंपनीला पत्र लिहून तक्रार बिनशर्त मागे घेतली. त्यांनी मोठ्या मनाने सवलतीचं कूपन पाठवलं आहे.

डॉक्टरांनी गाडी चालवायची परवानगी दिली. दादूनेही दिली, जरी ती त्याच्याकडे कोणी मागितली नव्हती. तुलना अर्धवट सोडणं माझ्या स्वभावात नाही, म्हणून दोन्ही कॅमेऱ्यांचं जुनं चित्रीकरण नव्या डोळ्यांनी पुन्हा बघायला बसलो. पुढचं बघून झालं. काळ्याचं चित्र रात्री जास्त चांगलं, यात वाद नाही. मग गोलाचं आतलं लावलं. ते मी तोवर एकदाही पाहिलं नव्हतं.

छकुले, तुझी आई संबंध वेळ रस्त्याकडे बघते आहे. क्षणभरसुद्धा माझ्याकडे किंवा खिडकीबाहेर नाही. एक हात दाराच्या मुठीवर. पाय पुढे रोवलेला, तिच्या बाजूला जसा काही ब्रेक आहे. तोंडाने सांगते आहे, सायकल, खड्डा, लाल. आणि शेजारी मी, मान हलवून वैतागतो आहे. शाळेसमोरच्या प्रसंगानंतर ती डोळे मिटून बसली आणि मी तिला काहीतरी लागेल असं बोललो. पुढे मला बघवलं नाही.

मी तिला जाऊन विचारलं की इतके दिवस भीती वाटत होती तर बोलली का नाहीस. ती म्हणाली की भीती वाटायचीच, पण तुमच्या हातून गाडी काढून घेण्याची त्याहून जास्त वाटायची. मग मी विचारलं, आता मी चालवू का. ती म्हणाली, दिवसा चालवा; रात्री मला अजून धीर होत नाही. तेव्हा अंधार पडल्यावर गाडी काढायची नाही असं ठरवलं आहे. यावर कोणाचंही अपील चालणार नाही.

तुलनेचा निकाल: परत करायची मुदत कधीच टळली, तेव्हा काळा दादूला देतो, त्याला सतत टोकणाऱ्या बाईची गरज आहे. गोल ठेवून घेतला. रस्ता आता माझा मला दिसतो. पण चालवताना शेजारी बघता येत नाही, तेवढं त्याने बघावं.

काल आम्ही गावाबाहेरच्या तळ्यापर्यंत जाऊन आलो. निघाल्या निघाल्या तुझ्या आईने सवयीने सुरुवात केली. डावीकडून सायकल आहे म्हणाली. मी म्हणालो, दिसली. पुढे टेम्पो थांबलाय म्हणाली. मी म्हणालो, दिसला, आणि त्याच्या मागे काय लिहिलंय तेही वाचून दाखवलं. असं दोनचारदा झालं आणि मग ती गप्प झाली. परत येईपर्यंत अवाक्षर नाही. मला वाटलं, पुन्हा माझंच काहीतरी चुकलं. घरी आल्यावर चोरून आतलं चित्र लावलं, तर बाईसाहेब मान कलती करून, तोंड उघडं टाकून, हात मांडीवर सोडून गाढ झोपल्या होत्या.

कार्ड सोबत डबीत घातलं आहे. आतलं तेवढं बघ.

आम्हा दोघांचा जीव तुझ्यापाशी आहे, हे वेगळं लिहायला नको.

तुझा,
बाबा