गच्चीवरचं ऊन आणि परदेशी पाहुणे

तीर्थरूप ताईस, तुझ्या पाठच्या भावाचा साष्टांग नमस्कार. तुझे गुडघे कसे आहेत? भाऊजींचा खोकला गेला का, की अजून पाहुणे निघायची वेळ झाली की त्यांना हटकून उबळ येते? इकडे आम्ही सगळे सुखरूप आहोत. माझं वजन वाढलंय असं हिचं म्हणणं आहे आणि काटा बिघडलाय असं माझं, त्यामुळे तो विषय तूर्त बंद आहे. पत्राला उशीर झाला त्याचं कारण सांगतो, म्हणजे रागावणार नाहीस. आमच्याकडे परदेशी पाहुणे येऊन गेले.

आमचं कलासंकुल तू पाहिलेलं नाहीस. ही इमारत म्हणजे साबणाचा बंद पडलेला कारखाना. हवा दमट झाली की भिंतींना अजून साबणाचा वास येतो, त्यामुळे आमच्याकडचा कलावंत कितीही फाटका असला तरी स्वच्छ वाटतो. खालच्या मजल्यावर नाटकाचे मुखवटे बनतात. ते बनवणारे बहुतेक याच कारखान्यातले जुने कामगार, आणि त्यांचे म्होरके मुखवटेकाका. वरच्या मजल्यावर नाटकांचे पोशाख रंगवून शिवणाऱ्या बायका, सगळ्या दूरच्या मुलखातून येऊन इथं स्थायिक झालेल्या. आपसात त्या त्यांची भाषा बोलतात, आमच्याशी आमची बोलतात, आणि भांडताना दोन्ही. त्यांच्या पुढारीणबाईंना सगळे सुईबाई म्हणतात (समोर नाही). व्यवस्थापक मी. म्हणजे किल्ल्या माझ्याकडे असतात आणि तक्रारीही.

भांडण आहे ते उन्हाचं. मुखवटे वाळायला ऊन लागतं, रंगवलेलं कापड वाळायलाही ऊन लागतं, आणि चांगलं ऊन येणारी गच्ची एकच. मी वेळा ठरवून दिल्या, मधोमध खडूची रेघ मारून पाहिली. सूर्यानं दोन्हींची दखल घेतली नाही. तशात कार्यालयातून साहेबांचा निरोप आला : दूरदेशीचे पाहुणे येत आहेत, जुन्या वस्तीला कलेनं नवं जीवन कसं द्यावं आणि निरनिराळ्या समाजांना एकत्र कसं नांदवावं, याची देवाणघेवाण करायला. भेट नीट झाली तर संकुल चालू राहील, बिघडली तर इमारत गोदामाला द्यायचं वर जवळजवळ ठरलेलंच आहे. ताई, मला दोन दिवस जेवण गेलं नाही (काटा तरीही हलला नाही). मी दोन्ही मजल्यांवर जाऊन हात जोडले की त्या दिवशी कुणीही कुणाशी भांडायचं नाही. काका म्हणाले, त्यांचं कुणाशी भांडण नाहीच, ती बाई भांडते. सुईबाई शब्दशः तेच म्हणाल्या, फक्त बाईच्या जागी म्हातारा घालून.

पाहुणे दोन. एक उंच बाई आणि एक दाढीवाले गृहस्थ. एकाच गावचे, एकाच विमानानं आलेले, आणि आमच्या दारात उतरले दोन वेगळ्या गाड्यांतून. मला वाटलं, श्रीमंत देश, असेल पद्धत. मग चहाला दोघं टेबलाच्या दोन टोकांना बसले. तरी माझी ट्यूब पेटेना. पेटली ती दुभाषी मुलीमुळे. (ती गुणी आहे. आपल्या शेंडेफळाला सांगून आली असती, पण तिचं लग्न झालेलं आहे, मी चौकशी केली.) उंच बाई त्यांच्या भाषेत काही बोलल्या की ती ते मला आमच्या भाषेत सांगायची. एकदा मात्र मला सांगून झाल्यावर ती दाढीवाल्यांकडे वळली आणि तेच त्यांना परत त्यांच्याच भाषेत सांगू लागली. ते त्याच टेबलाशी होते, आधीच ऐकलेलं होतं, तरी शांतपणे पुन्हा ऐकून घेऊन त्यांनी उत्तरही तिच्यामार्फतच पाठवलं. मी तिला हळूच विचारलं, तेव्हा कळलं की दोघं एकमेकांशी बोलत नाहीत. आणि यांना मी एकत्र नांदायचं कसं ते शिकवणार होतो.

माझं भाषण तयार होतं, पडद्यावर दाखवायच्या चित्रांसह. काका आणि सुईबाई गच्चीवर हसत उभे आहेत असं एक चित्र होतं (दोघांचे फोटो वेगवेगळे काढून पुतण्याकडून जोडून घेतले होते). ते पडद्यावर आणून मी अभिमानानं सांगत होतो की आमच्याकडे वादाचा प्रसंगच येत नाही. एवढ्यात जिन्यावरून आरडाओरडा ऐकू आला, आणि दारातून मुखवटेकाका आत आले. हातात राजाचा भला मोठा मुखवटा. अर्धं तोंड राजासारखं गोरं, अर्धं जांभळं, आणि हनुवटीवरून जांभळा रंग टपकतोय. मागोमाग कोपरापर्यंत जांभळ्या हातांनी सुईबाई. कापडाखाली राजा कुणी ठेवला आणि राजावर कापड कुणी टाकलं, या मुद्द्यावर दोघांनी पाहुण्यांसमोर असा तोंडाचा पट्टा सोडला की माझ्या डोळ्यांपुढे गोदामाची पाटीच उभी राहिली. मी दुभाषी मुलीच्या कानात म्हटलं की हे रंगकामाच्या पद्धतींवर चर्चा करताहेत असं सांग. पण ती पडली प्रामाणिक. तिनं शब्दन् शब्द सांगितला, म्हातारड्यासकट.

गंमत अशी की सकाळपासून मरगळून बसलेले पाहुणे ताठ झाले. उंच बाईंनी विचारलं, असं रोज होतं का?

सुईबाई म्हणाल्या, "रोज नाही. रविवारी सुट्टी असते."

दाढीवाल्यांनी विचारलं, मागच्या बाजूला दुसरी गच्ची दिसते, तिकडे का जात नाही एकजण? काका उसळून म्हणाले की तिकडे ऊन कमी, जायचं तर हिनं जावं. सुईबाईंनी मात्र थंडीतली एक गोष्ट सांगितली, जी मला, व्यवस्थापकाला, ठाऊक नव्हती. एकदा काका बरेच दिवस गच्चीवर आले नव्हते. पहिल्या दिवशी बायका खूश झाल्या, अख्खी गच्ची मिळाली. पुढं कुणाला चैन पडेना. शेवटी सुईबाई पत्ता विचारत त्यांच्या खोलीवर गेल्या, तर माणूस एकटा तापानं फणफणलेला, उशाला पाणीसुद्धा नाही. मग बायकांनी पाळ्या लावून त्यांना उठवून बसवलं.

"बरे झाले आणि पहिल्याच दिवशी माझी कापडं वाळवायची दोरी कापली," त्या म्हणाल्या.

"वाटेत होती," काका म्हणाले, पण नजर राजाकडे ठेवून.

मग उंच बाई बोलू लागल्या आणि दुभाषी मुलगी हळू आवाजात आम्हाला सांगत गेली. त्यांच्या गावात काचेचा जुना कारखाना होता, त्याचंही असंच कलासंकुल केलं. जुन्या रहिवाशांना एक दार, नव्यांना दुसरं. वेळापत्रक असं की कुणी कुणाला दिसूच नये. बक्षिसं मिळाली. एकही भांडण झालं नाही. आता तिथं कुणीच येत नाही. ती दोन दारं बाईंच्या समितीनं केली, असं दाढीवाले म्हणाले. आणि ताई, ते दुभाषी मुलीकडे बघून नाही म्हणाले, थेट बाईंकडे बघून म्हणाले. बाईंनीही थेट उत्तर दिलं. आवाज चढले. मुलगी गप्प बसून ऐकू लागली. मी घाबरून विचारलं, काय म्हणताहेत?

"भांडतायत," ती म्हणाली. "थांबा जरा, चांगलं चाललंय."

बराच वेळ चाललं. काकांनी मध्येच उठून दोघांपुढे पाणी ठेवलं. जाताना पाहुण्यांनी तो जांभळा राजा मागितला, तर चेहरा कुणाचा आणि रंग कुणाचा यावर काका आणि सुईबाईंची पुन्हा जुंपली, आणि राजा इथंच राहिला. पाहुणे भांडत भांडत एकाच गाडीत बसून गेले. दुसऱ्या गाडीचा ड्रायव्हर आत येऊन, आता मी कुणाला न्यायचं, असं मला विचारत होता.

गोदामाचा विषय सध्या मागे पडलाय. साहेब भेटीवर इतके खूश आहेत की सगळं माझ्याच व्यवस्थापनामुळे झालं असं ते म्हणतात, आणि मी वरिष्ठांचं बोलणं खोडत नाही. तब्येतीला जप, भाऊजींना नमस्कार, मुलांना आशीर्वाद.

तुझाच,
मधला

ता. क. पाहुण्यांनी उलट भेटीचं आमंत्रण धाडलंय. अट एकच : येणाऱ्यानं ज्याच्याशी आपलं पटत नाही असा एक माणूस बरोबर आणायचा. काका आणि सुईबाई उन्हाचे दिवस सोडून हलायला तयार नाहीत, तेव्हा साहेबांनी माझं नाव दिलं. सोबतीला कुणाला नेऊ, असं हिला विचारलं, तर म्हणाली, निवडायला भरपूर वाव आहे.

आणखी ता. क. तुझ्या मुलीच्या लग्नात मी चार शब्द बोललो, त्याला आपला धाकटा सगळ्यांदेखत 'प्रवचन' म्हणाला. तेव्हापासून आमचं भांडण असं काही नाही. अगदी शांतता आहे. तर त्याचा पासपोर्ट चालू आहे का, एवढं सहज विचारून ठेव. मी विचारलंय असं सांगू नकोस.

शेवटचं ता. क. सांगितलंस तरी चालेल.