चौथ्या किल्ल्याची सात पानं

रविवार, ६ ऑक्टोबर
शुक्रवार-शनिवारची सुट्टी संपून शाळा उघडली, पण रिताजनं आजही पुस्तक उघडलं नाही. सहावीतली मुलगी, पण धडा वाच म्हटलं की हिचा घसा दुखतो, चष्मा हरवतो - हिला चष्मा नाहीच! मधल्या सुट्टीत मात्र मोबाइलवरच्या खेळातला चौथा किल्ला कसा जिंकायचा, ते बाकावर बोटानं रेघा ओढून सांगत होती. भोवती अर्धा वर्ग. माझ्या धड्याला अकरा वर्षांत अशी गर्दी झालेली नाही.

मंगळवार, ८
वर्गात सांगून टाकलं - जिला जो खेळ येतो, तिनं तो कसा जिंकायचा, त्याची वाटाड्या-वही लिहायची आणि वाचून दाखवायची. मुख्याध्यापिका मिस नौफा तडकल्या. "अरीज, आया घरी मोबाइल हिसकावतात आणि तू शाळेत खेळ शिकवतेस?" महिनाअखेरीला तपासनीस बाई येणार. तोवर मुली वाचत्या झाल्या नाहीत तर वह्या बंद, आणि रिताज जिन्याखालच्या कच्च्या मुलींच्या वर्गात. तिथं गेलेल्या मुली वर्षभरात शाळाच सोडतात.

गुरुवार, १७
रिताजची सात पानं आली! अक्षर शेजारी बसणाऱ्या सिलाचं. "माझं अक्षर म्हणजे कोंबडीचे पाय, मिस. मी सांगितलं, हिनं लिहिलं." चालेल म्हटलं.

सोमवार, २१
वाचलं! सातही पानं, कुठंही न अडखळता. घरी येऊन आईला सांगितलं. आई वांगी सोलत होती. "वाचते की म्हणते?" आईला प्रत्येक गोष्टीत खोट काढायची सवयच आहे.

मंगळवार, २९
तपासनीस बाई आल्या. घाईत मी रिताजच्या हातात पाचवं पान दिलं. तिनं पहिलं पान वाचलं. शब्दन् शब्द बरोबर, बोट ओळीखालून फिरतंय - आणि पान पाचवं! कोणाच्याच लक्षात आलं नाही. तपासनीस बाईंनी टाळ्या वाजवल्या, मिस नौफांचे डोळे भरून आले. मी ते पान परत घेऊन गठ्ठ्यात सरकवलं.

बुधवार, ३०
शाळा सुटल्यावर तिला थांबवलं. पाचवं पान पुढं ठेवून विचारलं. ती म्हणाली, "मशिदीतल्या बाई म्हणायच्या, आम्ही मागून म्हणायचो. कुराणाचे पाच भाग पाठ आहेत माझे. बक्षीस मिळालंय. वाचता येतं का, असं कोणी विचारलंच नाही."
"आणि खेळातल्या सूचना?"
"खेळ बोलतो की, मिस."
मीही लहानपणी अशीच मागून म्हणत वाढले. सुरात म्हटलेलं ऐकलं की आमच्याकडे पुढचं कोणी तपासत नाही. मीही नाही तपासलं.
"तपासनीस बाईंना सांगणार?"
"नाही."
हे तिच्यासाठी म्हटलं, असं लिहिणार होते. माझ्यासाठी म्हटलं.

रविवार, १० नोव्हेंबर
आता रोज शाळा सुटल्यावर दोघी बसतो. माझा मोबाइल, खेळाचा आवाज बंद. पडद्यावर सूचना येते, ती अक्षराला अक्षर जोडते. एका ओळीला चार मिनिटं. चुकीचं वाचलं की किल्ल्यात मरते आणि माझ्यावर डाफरते - "तुमच्यामुळे मेले!" आज "दार" आणि "उजवीकडे" तिनं एकटीनं वाचलं. मला रडू आलं. लाजही वाटली.

बुधवार, २०
तपासणीचा अहवाल आला. मिस नौफांनी तो मोठा छापून दारातल्या फलकावर लावला. नावं आहेत - तिचं, माझं. येता-जाता सगळे अभिनंदन करतात. जेवण गेलं नाही.

गुरुवार, २१
रिताज फलकासमोर, कागदावर बोट ठेवून. घंटा झाली तरी हलेना. "रि... ताज... न अड... खळ... ता... वाचते." कोणी न सांगता वाचलेली तिची पहिली ओळ. मग माझ्याकडे वळून हळूच म्हणाली, "मिस, हे खोटं लिहिलंय."